आप्पांचा फिरता पूल

आमच्या गावात एखादी गोष्ट होणार नसेल तर ती होणार नाही असं कोणी तोंडावर सांगत नाही. "पूल फिरी तव्हय व्हई," असं म्हणतात. नवापूरची एसटी आली नाही, पूल फिरेल तेव्हा येईल. कोणाचा मुलगा दहावीला पुन्हा बसला, पूल फिरेल तेव्हा पास होईल. आणि घरात काही हरवलं, अडकित्ता म्हणा, चष्मा म्हणा, की लगेच कोणीतरी हसत सांगणार, "किल्ली सुरतले शे."

या दोन्ही म्हणी माझ्या वडिलांमुळे जन्माला आल्या. वडिलांच्या नावावर दोन म्हणी असणं ऐकायला भारदस्त वाटतं, पण मधल्या सुट्टीत त्याच म्हणी तुमची वेणी ओढून तुम्हाला ऐकवल्या जात असतील तर त्यात भारदस्त असं काही उरत नाही.

म्हणींमधला पूल म्हणजे आमच्या नदीवरचा रेल्वेचा जुना पूल. सुरतेहून भुसावळकडे जाणारी लाइन आमच्या शिवारातून जाते. आमची नदी तशी लहान. उन्हाळ्यात तिच्यात म्हशीसुद्धा बसायला कंटाळतात, आणि श्रावणात ती अशी काही येते की तिच्यापुढे तापीने मान खाली घालावी. तिच्यावर साहेबाच्या काळात तीन गाळ्यांचा लोखंडी पूल बांधला. खाली काळ्या दगडाचे खांब, वर गर्डर, गर्डरवर स्लीपर आणि स्लीपरवर रूळ. अशा पुलांवर पाटी असते की चालत जाणं मना आहे, आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं त्या पाटीला टेकून बिडी पेटवतात आणि चालत जातात.

आप्पांचं म्हणणं असं, की हा पूल फिरता होता.

म्हणजे घरंगळता किंवा हलता नव्हे. मधला गाळा जागच्या जागी फिरून आडव्याचा उभा, नदीच्या रेघेत व्हायचा, नदी मोकळी व्हायची, आणि सुरतेहून तापीमार्गे वर आलेल्या नावा सातपुड्याचं सागवान घेऊन परत जायच्या. मग साहेब किल्ली फिरवायचा, पूल जागेवर यायचा आणि गाडी सुटायची. पुढे साहेब गेला आणि जाताना किल्ली सुरतेच्या कचेरीत ठेवून गेला. तेव्हापासून पूल जागेवरच होता, पण त्याची फिरायची तयारी होती.

हा इतिहास आप्पा इतक्या ठामपणे सांगायचे की चौथीत असताना मी एका दुपारी नदीवर जाऊन पूल फिरायची वाट बघत बसले होते. पूल काही फिरला नाही. माझी म्हैस मात्र फिरत फिरत दुसऱ्याच्या हरभऱ्यात गेली, आणि संध्याकाळी मार मलाच बसला.

आता कोणी म्हणेल, आप्पांनी हे सगळं हवेतून काढलं. तसं नव्हतं. आप्पांकडे पुरावा होता. दगडी खांबावर गर्डरचं एक टोक जिथे टेकतं तिथे लोखंडी लाटण्यांची एक रांग होती. आप्पा त्यांना चाकं म्हणायचे. रेल्वेची माणसं, गँगमन, अधूनमधून येऊन त्या चाकांना वंगण लावून जायची, हे आप्पांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आप्पा हाडाचे शेतकरी. त्यांच्या उभ्या आयुष्यात वंगण ज्याला लागलं ते फिरलं होतं: बैलगाडीचा आख, उसाचा चरक, विहिरीवरचं चाक. "ज्याले वंगन लागस ते फिरसच," ते म्हणायचे. "नही ते सरकार येडं शे का, उभ्या लोखंडले तेल पाजाले?"

सरकार वेडं नाही असं म्हणायची गावात कोणाची तयारी नव्हती, आणि वेडं आहे असं म्हटलं तर आप्पा हरत होते, आणि गावाला तेवढं पुरेसं होतं.

माझे काका, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, या बाबतीत सगळ्यांत पुढे. रोज संध्याकाळी पारावर आप्पा आले रे आले की काका जागा करून देत आणि विचारत, "काय दादा, उनी का किल्ली?" आप्पाही मान न वळवता सांगत, "येई, येई." वर्षानुवर्षं त्यांचा नमस्कार-चमत्कार एवढाच होता. एखाद्या दिवशी काकांनी विचारलं नाही तर आप्पा घरी येऊन मायला सांगत, "आज धाकल्यानी तब्येत बरी दिसत नही."

मी पुढे शिकले आणि पुरुषोत्तमनगरच्या बाजूला शाळेत विज्ञान शिकवायला लागले. सातवीच्या वर्गात मी दर वर्षी एक पितळी गोळा तापवते. थंड असताना कडीतून सहज जाणारा गोळा तापल्यावर अडकतो, आणि मुलं दर वर्षी नव्याने "हो ऽ" करतात. मग मी फळ्यावर रेल्वेचा पूल काढते आणि सांगते, की उन्हाने लोखंड वाढतं, त्याला सरकायला जागा हवी, म्हणून गर्डरच्या एका टोकाखाली लाटणी ठेवतात आणि ती गंजू नयेत म्हणून वंगण लावतात. चित्र काढताना मला प्रत्येक वेळी आप्पा आठवतात आणि खडू तुटतो.

एका सुट्टीत मी हे आप्पांना समजावून पाहिलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लोखंड उन्हमा वाढस?"

"हो."

"मंग तुन्ही शाळानं गेट काबरं वाढस नही?"

तेही वाढतं, पण थोडं, असं मी म्हणेपर्यंत ते चप्पल घालून पाराकडे निघालेही होते. माय चुलीपाशी बसून पदराआड हसत होती. मी तिला म्हटलं, तू तरी सांग ना त्यांना. ती म्हणाली, "माले काय समजस त्यामाधलं?" आणि तवा उतरवला.

मायचं आणि त्या पुलाचं एक वेगळं प्रकरण होतं. मला ते कळतं वय येईपर्यंत माहीत नव्हतं, आणि कळलं तेव्हा आप्पांच्या हट्टाकडे बघून पूर्वीसारखं हसू येईना.

मायचं माहेर नदीपलीकडे. आमच्या खळ्यातून तिच्या माहेरची चिंच दिसते. पण तेव्हा नदीवर माणसांसाठी पूल नव्हता. उन्हाळ्यात वाळूतून चालत गेलं की झालं, पण श्रावणात जायचं तर एसटीने नंदुरबार, तिथून दुसरी एसटी, आणि मग चिखल तुडवत पायी. समोर दिसणाऱ्या चिंचेखाली पोचायला अख्खा दिवस जायचा. मधे सरळ होता तो फक्त रेल्वेचा पूल.

लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात राखीपौर्णिमेला नदीला पूर होता. पलीकडच्या काठावर मायचा एकुलता एक भाऊ, माझा मामा, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन उभा होता. माय नवी नवरी, वय जेमतेम फ्रॉक सुटल्याचं. तिने पदराच्या गाठीत राखी बांधली, कोणाला न सांगता रेल्वेच्या भरावावर चढली आणि पुलाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. आप्पा बांधावर होते. त्यांनी तिथून हिरवं लुगडं पाहिलं आणि हातातलं खुरपं टाकून धावत सुटले.

"थांब वं! पूल फिरस तो! मधमाच फिरना तं नदीमा लटकशी!"

माय थांबली. पहिला पाय तिने स्लीपरवर ठेवला होता, तो मागे घेतला. पुलाच्या तोंडाशी एक लोखंडी खांब होता. पदरातली राखी तिने सोडली आणि त्या खांबाला बांधली. पलीकडून मामाने हात वर केला. इकडून हिने केला.

तेव्हापासून आमच्या घरात तो रिवाजच पडला. राखीपौर्णिमेला नदी वाट देत असली तर मामा येणार. पूर असला तर माय भरावावर चढून पुलाला राखी बांधणार आणि दोघं दोन काठांवरून हात वर करणार. पाणी ओसरलं की मामा वाळूतून येई, खांबाची राखी सोडून स्वतःच्या मनगटाला बांधी, आणि मग घरी येऊन जेवी. तेव्हाच्या त्या स्पंजच्या मोठ्या राख्या, चार दिवस पावसात राहिल्या की कुठला रंग आणि कुठलं काय. ओल्या बोळ्यासारखी राखी मिरवत मामा ओसरीवर बसायचा आणि आप्पांना चिडवायचा, "दाजी, तुमना पूलना भाऊ मी. त्यानी उतरेल राखी मी बांधस."

आप्पा हसायचे, आणि मामा निघाला की त्याला पार पलीकडच्या काठापर्यंत पोचवून यायचे.

म्हणजे बघा. मायने त्या पुलावर पाऊल टाकलं नाही ते आप्पांच्या शब्दावर. पूल फिरता असेल तर आप्पांनी बायकोचा जीव वाचवला. आणि फिरता नसेल तर समोर दिसणारं माहेर त्यांनी एका थापेने श्रावणभर तोडलं, दर वर्षी. गाव हसायचं त्याचं आप्पांना काही नव्हतं. त्यांना एकाच माणसाला पूल फिरताना दाखवायचा होता, आणि ते माणूस चुलीपाशी बसून पदराआड हसत होतं.

पुढे गावाला फरशी, म्हणजे नदीच्या पात्रातून सिमेंटचा ठेंगणा रस्ता, झाली; श्रावणात ती पाण्याखाली जायची ती गोष्ट वेगळी. मग रेल्वेची दुसरी लाइन आली, शेजारी सिमेंटचे नवे पूल झाले, आणि एक दिवस गाड्या तिकडून धावायला लागल्या. जुना पूल रिकामा झाला. रूळ काढून नेले, स्लीपर आणि सांगाडा राहिला. चाकांना वंगण लावायला कोणी येईना. आप्पा मग स्वतःच गाडीच्या वंगणाचा डबा घेऊन पुलाखाली फेऱ्या मारू लागले, पण त्या वयात खांबावर कसे चढणार? खालूनच चाकांकडे बघून परत यायचे.

पोरींनी मात्र पुलाचं सोनं केलं. आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. अक्षय्य तृतीयेला गावच्या सगळ्या लेकी माहेरी येतात, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या खातात, झोके घेतात, गाणी म्हणतात आणि सासरच्यांची यथेच्छ उणीदुणी काढतात. गावातल्या निंबाच्या फांद्या दोरांना कमी पडायला लागल्या तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की कोरड्या गाळ्याच्या गर्डरला झोका का बांधू नये? एवढ्या उंचावरून बांधलेला झोका म्हणजे काय विचारता. इकडून निघालं की पलीकडच्या वाळूवर जाऊन येणं. मीसुद्धा मुख्याध्यापिकेच्या वयाची झाले होते तरी बसले. आप्पा खाली काठी घेऊन उभे असायचे आणि ओरडायचे, "चाकंसले धक्का लावू नका!"

मामा गेला त्यालाही काही वर्षं झाली. तो पलीकडे, आपल्या चिंचेखाली, झोपेत गेला. फरशी पाण्याखाली होती, म्हणून माय नंदुरबारमार्गे गेली आणि पोचली, एवढं बरं झालं. त्यानंतरही ती राखीपौर्णिमेला पुलाच्या खांबाला राखी बांधायची. काढायला कोणी नसल्याने खांबावर राख्यांचा गुच्छ जमला. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी तिकडे जायचं टाळायची.

गेल्या आखाजीला आम्ही बहिणी घरी आलो तेव्हा कळलं की पूल काढणार आहेत. नदीच्या कोरड्या पात्रात मोठी क्रेन येऊन उभी राहिली होती. झोके बंद. पोरी खट्टू झाल्या, आणि आप्पांनी जेवण कमी केलं. चार दिवस ते नुसता रस पीत होते. काका रोज येऊन बसत, पण किल्लीचं विचारत नव्हते. त्यांनी विचारलं नाही म्हणून मला पहिल्यांदा काळजी वाटली.

मधला गाळा काढायच्या दिवशी सकाळीच आप्पा धुतलेला सदरा आणि टोपी घालून तयार झाले. मायसाठी प्लास्टिकची खुर्ची आणि छत्री घेऊन आम्ही काठावर गेलो. अख्खं गाव आलं होतं. आखाजीच्या लेकीबाळी, त्यांचे नवरे, आइसक्रीमची गाडी, सगळंच. कोणीतरी येताना भजी तळून आणली होती. अंत्ययात्रा म्हणावी तर भजी होती आणि जत्रा म्हणावी तर आप्पांचा चेहरा होता.

दोन्ही टोकं आधीच कापून मोकळी केली होती. शिट्टी वाजली. साखळ्या ताणल्या, लोखंड एकदा जोरात कण्हलं, आणि मधला गाळा खांबांवरून उचलला गेला. थोडा वर गेला आणि हवेत थांबला. आता तो खाली ठेवायचा तर नदीच्या पात्रात जागा होती ती लांबीला. आडवा ठेवला असता तर खांबांना लागला असता. म्हणून खालच्या माणसांनी त्याच्या टोकांना बांधलेले दोर ओढले.

आणि पूल फिरला.

हळूहळू, एक टोक नदीच्या वरच्या अंगाला, एक खालच्या, असा तो सबंध गाळा हवेत वळत गेला आणि नदीच्या रेघेत उभा राहिला. अगदी आप्पा सांगायचे तसाच. दोन्ही बाजूंनी नदी मोकळी झाली. नावा तेवढ्या यायच्या बाकी होत्या.

काका बसल्या जागेवरून ओरडत उठले, "दादा! फिरना रे तुन्हा पूल!" आणि त्यांनी आप्पांच्या पायांवर चक्क डोकं ठेवलं. मग काय विचारता! पोरांनी शिट्ट्या मारल्या, बायकांनी हसत हसत आप्पांना कुंकू लावलं, एकाने आइसक्रीम आणून हातात दिलं. "किल्ली उनी, किल्ली उनी," असं सगळं गाव ओरडत होतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी सातवीला विज्ञान शिकवते आणि त्या वेळी मी पण ओरडत होते.

आप्पा मात्र गाळ्याकडे बघत नव्हते. ते छत्रीखाली बसलेल्या मायकडे बघत होते. माय म्हणाली, "फिरना बा, फिरना. आइसक्रीम गळी ऱ्हायनं, खाई ल्या."

संध्याकाळी काम थांबलं. आमच्या काठाचा पहिला गाळा तेवढा राहिला होता. तो दुसऱ्या दिवशी जाणार होता. माय मला म्हणाली, चल, खांबाच्या राख्या सोडून आणू, नाहीतर त्या भंगारात जातील. मी, माय आणि आप्पा भरावावर चढलो. दोघांच्याही गुडघ्यांमुळे चढायला वेळ लागला.

तिने राख्या सोडल्या, एकेक करून, आणि पदरात बांधल्या. मग ती परत फिरेना. एक हात खांबावर ठेवून समोर बघत राहिली. कामगारांनी स्लीपरवर फळ्या टाकल्या होत्या आणि गाळा संपतो तिथे आडवी दोरी बांधली होती. दोरीच्या पुढे रिकामी हवा, आणि तिच्यापलीकडे ती चिंच.

"येकदाव पाय ठेवना व्हता," माय म्हणाली. पण पाय उचलेना. ती तशीच उभी होती, पहिल्या श्रावणात उभी राहिली असेल तशी.

आप्पा तिच्या पुढे जाऊन फळीवर उभे राहिले. कपाळावरचं सकाळचं कुंकू घामाने पसरलं होतं. दिवसभर सगळं गाव त्यांना ज्या गोष्टीसाठी मान देत होतं, ती त्यांनी मागे वळून काठावर सोडली. हात पुढे केला.

"ये वं," ते म्हणाले. "फिरस नही तो. कधीच फिरे नही. चाकं लोखंड वाढस त्यानाकरता शेतस. गँगमननी माले तव्हयच सांगेल व्हतं, आपलं लगीन व्हवाना आधी. तू गाडीखाले येशी म्हनीसन माले भ्याव वाटनं."

मी खांबाला धरलं. मायने काही त्यांच्याकडे रागाने बघितलं नाही. ती फळ्यांमधल्या फटीतून खाली बघत होती.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "मी पहिला पाय ठेवा तव्हयच खाल पानी दिसनं, आनि पाय लटलट कापाले लागनात मन्हा. तुमी फिरता पूल नही सांगतात तं भाऊले काय सांगती मी? का बहीन भ्यायनी?"

आप्पांचा हात पुढे तसाच होता. खालून रखवालदार ओरडत होता, आजी, खाली या, चढायचं नाही. मायने खांब सोडला आणि तो हात धरला.

"चाला," ती म्हणाली. "पन सोडू नका."